काळ्या मातीचा न मांडलेला हिशेब

मुधोळ परिसराची शेती काळ्या जमिनीवर उभी आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची पूर्वेकडची कड या भागात येऊन टेकते. निर्मलच्या बाजूला सरकले की ग्रॅनाइटचा प्रदेश आणि तांबडी जमीन सुरू होते. बेसाल्ट झिजून तयार झालेल्या काळ्या मातीला तेलुगूत ‘रेगडी’ म्हणतात. मृदाशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत जगभर रूढ झालेला ‘रेगुर’ हा शब्द त्यावरूनच आला. मराठीत तर मातीचा रंग हेच शेतीचे नाव झाले आहे: गावाची वस्ती ती पांढरी आणि पिकाखालची जमीन ती काळी. मुधोळ तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नांदेड जिल्ह्यात होता, त्या वर्षी तो आदिलाबादला जोडला गेला, आणि २०१६ पासून हा भाग तेलंगणाच्या निर्मल जिल्ह्यात मोडतो. जिल्हे आणि राज्ये बदलली तरी जमीन एकच राहिली. भैंसा, मुधोळ, बासर आणि पलीकडचे धर्माबाद, भोकर यांची काळी एकाच खडकाची आहे, आणि तिचे दुखणेही एकच आहे.

जमीन खोल असल्यामुळे हे दुखणे लवकर नजरेस येत नाही. हलक्या, मुरमाड जमिनीवर वीतभर माती वाहून गेली की खालचा मुरूम उघडा पडतो आणि मालकाला तोटा समजतो. खोल काळ्या जमिनीत वरचा थर गेला तरी खालीही काळीच माती निघते. उत्पन्न घटते ते खताची एक पिशवी वाढवून काही वर्षे भरून काढता येते. त्यामुळे नुकसान मातीच्या नावावर लागत नाही. ते पावसाच्या, बियाण्याच्या किंवा बाजाराच्या नावावर जाते. टिकाऊ शेतीची चर्चा बहुतेक वेळा सेंद्रिय की रासायनिक या वादात अडकते. त्याआधीचा प्रश्न असा आहे की माती जागेवर राहते का, तिच्यातला सेंद्रिय कर्ब टिकतो का आणि ती राखणाऱ्याला त्याचा काही मोबदला मिळतो का. या प्रश्नांचा हिशेब मांडल्याशिवाय कोणत्याही पद्धतीच्या शेतीला टिकाऊ म्हणता येणार नाही.

काळ्या मातीचा स्वभाव

काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण फार मोठे असते. तिच्यातली खनिजे पाणी शोषून फुगतात आणि वाळली की आकसतात. म्हणून उन्हाळ्यात या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्याच भेगा मिटून जमीन घट्ट होते. भेगांतून वरची भुसभुशीत माती खाली पडते व खालची वर ढकलली जाते. या अर्थाने काळी जमीन स्वतःला थोडीफार नांगरून घेते. दीड-दोन मीटर खोलीची अशी जमीन पिकाच्या उपयोगी पडणारे दोनशे मिलिमीटरहून अधिक पाणी धरून ठेवते. पाऊस संपल्यानंतर निव्वळ ओलीवर रब्बी ज्वारी, हरभरा, करडई आणि जवस पिकतात, ते या साठ्याच्या जोरावर.

या गुणांची दुसरी बाजूही आहे. भेगा मिटल्यावर पाणी आत मुरण्याचा वेग फार मंदावतो. जोराचा पाऊस आला की पाणी वरून धावते आणि सुटी माती बरोबर नेते. वाफसा येण्याचे दिवस थोडे असतात: ओली जमीन औतालाही ट्रॅक्टरलाही पाय ठेवू देत नाही आणि सुकली की ढेकळे दगडासारखी होतात. ही जमीन बहुधा अल्कधर्मी आणि चुनखडीयुक्त असते. त्यामुळे घातलेले स्फुरद चुन्याशी बांधले जाते, जस्त व लोह पिकाला सहजी मिळत नाही, आणि वरून फेकलेल्या युरियातल्या नत्राचा काही भाग अमोनिया होऊन हवेत उडतो. अशा जमिनीची रचना मोकळी ठेवण्याचे काम सेंद्रिय पदार्थ करतो. चिकणमातीचे कण एकत्र बांधून तो त्यांचे रवे बनवतो, आणि रव्यांच्या मधल्या पोकळीतून हवा, पाणी व मुळे खाली जातात. कर्ब कमी झाला की रवे मोडतात. मग तीच माती ओलेपणी चिखल आणि कोरडेपणी वीट होते.

झिजेचे चार मार्ग

पहिला मार्ग धुपेचा. भारतात दर हेक्टरी वर्षाला सरासरी १६ टनांवर माती जागची हलते, असा अंदाज ध्रुवनारायण आणि रामबाबू या मृदसंधारण शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये मांडला. तो आजही आधारभूत मानला जातो. हलणाऱ्या मातीपैकी सुमारे २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के धरणांत साठते आणि उरलेली इकडची तिकडे होते, असे त्यांचे गणित होते. हा आकडा शेताच्या भाषेत असा वाचता येतो: हेक्टरभर जमिनीचा एक सेंटीमीटर थर म्हणजे साधारण १३० टन माती. वर्षाला १६ टन जात असेल तर सेंटीमीटरभर जमीन आठ वर्षांत जाते. तेवढाच थर नव्याने तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. अर्धा टक्का कर्ब असलेल्या १६ टन मातीबरोबर ८० किलो कर्ब आणि आठेक किलो नत्र जाते. आठ किलो नत्र सतरा किलो युरियातून परत आणता येईल, पण कर्ब कोणत्याही गोणीतून मिळत नाही.

मुधोळच्या बाजूला धुपेचा धोकादायक काळ जून-जुलैचा असतो. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पहिल्या जोरदार सरी येतात तेव्हा रान नांगरून, वखरून मोकळे केलेले असते. पेरणी झाली तरी कपाशीच्या दोन तासांमधली जमीन झाकायला दोन महिने लागतात. उताराच्या दिशेने पेरलेली तासे पाण्याला आयत्या वाटा करून देतात. त्या वाटांचे ओघळ होतात आणि ओघळांच्या पुढे घळी.

दुसरा मार्ग सेंद्रिय कर्ब घटण्याचा. माती तपासणीच्या रूढ प्रमाणात अर्ध्या टक्क्याखालचा कर्ब कमी समजला जातो, आणि कोरडवाहू काळ्या जमिनींत हे प्रमाण वारंवार आढळते. उष्ण हवेत सेंद्रिय पदार्थ लवकर कुजतो, म्हणून तो दरवर्षी परत घालावा लागतो. बैलजोड्या कमी झाल्या, तसे शेणखत घटले आणि उकिरडे आटले. कापूस वेचून झाल्यावर हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी उभी राहते. ती उपटून बांधावर पेटवली जाते. सोयाबीन मळणीयंत्रातून निघाले की भुसकट शेताबाहेर जाते. पीक दाणा किंवा बोंड देते आणि मातीकडे जवळजवळ काही परतत नाही.

तिसरा मार्ग दाबाचा. वाफसा येण्याआधी जड ट्रॅक्टर रानात घातला की चाकाखालची माती दबते. रोटाव्हेटर दरवर्षी त्याच उथळ खोलीवर फिरतो. वर माती पिठासारखी होते आणि खाली कठीण थर बसतो. पिठासारखी माती पहिल्या सरीत साकळते, तिच्यावर पापुद्रा धरतो आणि सोयाबीनचा कोंब त्याखाली अडकतो. मुळे कठीण थरावर आडवी पसरतात. दोन मीटर खोल जमीन असूनही पीक वीत-दीडवीत जमिनीवर जगते, आणि आठ-दहा दिवसांचा खंड पडला की माना टाकते. खालचा पाण्याचा साठा असून नसल्यासारखा होतो.

चौथा मार्ग अन्नद्रव्यांच्या असमतोलाचा. अनुदानाच्या धोरणाने त्याला खतपाणी घातले आहे. १ एप्रिल २०१० पासून स्फुरद आणि पालाशयुक्त खतांना अन्नद्रव्यावर आधारित अनुदान लागू झाले, युरिया मात्र त्यातून वगळला गेला. परिणामी ४५ किलोंची युरियाची गोणी पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते आणि ५० किलोंच्या डीएपीला १,३५० रुपये मोजावे लागतात. हातात पैसा कमी असलेला शेतकरी युरियाकडे वळतो, यात त्याचा अडाणीपणा नाही. सरकारने ठरवलेल्या किमतीला दिलेले ते सरळ उत्तर आहे. पीक हिरवे दिसते, पण जस्त, गंधक आणि पालाश यांची तूट वाढत जाते.

कालव्याच्या पाण्याखाली काळ्या जमिनीत पाचवा धोका संभवतो, तो चोपण आणि पाणथळपणाचा. नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्राने विसाव्या शतकाच्या आरंभीच तो अनुभवला. जमीन मंद निचऱ्याची आहे हे विसरून पाणी दिले की क्षार वर येतात. मुधोळ-भैंसा भागात सिंचन वाढेल तसतशी निचऱ्याच्या चरांची तरतूदही वाढली पाहिजे.

शेतातली माती धरणात

शेतातून निघालेली माती नाहीशी होत नाही, ती कुठेतरी जाऊन बसते. मुधोळच्या माणसाला ते ठिकाण शोधायला लांब जावे लागत नाही. बासरजवळून वाहणारी गोदावरी श्रीरामसागर जलाशयात उतरते. पोचमपाड येथे या धरणाची पायाभरणी १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाली. त्याची मूळ साठवण क्षमता ११२ टीएमसी होती. १९९४ च्या मोजणीत ती सुमारे ९० टीएमसीवर आल्याचे दिसले, आणि त्यानंतरही ती घटतच गेली. म्हणजे एका पिढीच्या आत वीस टीएमसीहून अधिक पाण्याची जागा गाळाने घेतली. नाशिकपासून नांदेडपर्यंतच्या आणि मांजरा खोऱ्यातल्या शेतांची ती माती आहे. मुधोळ-भैंशाच्या नाल्यांनीही तिच्यात भर घातली आहे.

या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा ठेवण्यासारखा आहे. याच जलाशयाच्या फुगवट्यात, धर्माबाद तालुक्यात, महाराष्ट्राने बाभळी बंधारा बांधला. त्यावरून दोन राज्यांत वर्षानुवर्षे संघर्ष चालला. मोर्चे निघाले, अटका झाल्या, आणि अखेर २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. ज्या पाण्यासाठी हे सारे घडले, त्या बंधाऱ्याची क्षमता २.७४ टीएमसी आहे. त्याच्या सात-आठ पट साठवण गाळाने गिळली, तिच्यासाठी एकही खटला झाला नाही. पाण्याला वाटेकरी असतात, म्हणून त्याच्यावर तंटे होतात. वाहून जाणाऱ्या मातीला वादी नाही आणि प्रतिवादीही नाही. बंधाऱ्याचा वाद क्षुल्लक होता असा याचा अर्थ नव्हे. कोरडवाहू गावाला प्रत्येक थेंब मोलाचा असतो. परंतु पाण्याचा प्रश्न हा बऱ्याच अंशी मातीचाच प्रश्न आहे, हे दोन्ही राज्यांनी ध्यानात घेतले असते तर भांडणाऐवजी एकत्र पाणलोटाचे काम उभे राहिले असते.

शेतावरचे परिणामही याच साखळीतले आहेत. मुरणारे पाणी कमी झाले की विहिरी लवकर तळ गाठतात. मातीतला साठा घटला की रब्बीचे पीक हुकते आणि दोन पिकांचे रान एका पिकावर येते. पिकाचा कस कमी म्हणून खत वाढते, खत वाढले की कोवळ्या पानांवर रसशोषक किडी वाढतात, आणि त्यांच्यामागे फवारणीचा खर्च येतो. उत्पन्न लगेच कोसळत नाही, पण ते मिळवण्याचा खर्च चढत जातो आणि चांगल्या-वाईट सालांमधली तफावत रुंदावते. कोरडवाहू शेतकऱ्याला कर्जात ढकलते ती मुख्यतः ही तफावत. एक साल हुकले की पुढच्या हंगामाचे बी-भरण उसनवारीवर येते.

जुनी घडी आणि तिच्या मर्यादा

या भागाची ओळख एकेकाळी गावरानी कापसाची होती. निजामाच्या राज्यात नांदेड-आदिलाबादकडचा हा देशी कापूस धाग्याच्या प्रतीसाठी नावाजलेला होता, आणि त्याच्या संशोधनासाठी नांदेडला केंद्र उभे राहिले. मुधोळलाही कृषी संशोधन केंद्र आहे. देशी कपाशीचे सोटमूळ खोल जाते आणि खताची तिची भूकही माफक असते. कापसानंतर ज्वारी, मधल्या तासांत तूर, रब्बीत हरभरा किंवा करडई अशी फेरपालट चालत असे. एका पिकाने पुढच्या पिकासाठी जमिनीत मागे ठेवलेल्या गुणाला मराठी शेतकऱ्याने ‘बेवड’ असे नाव दिले. हरभऱ्याचा बेवड चांगला, हे त्याला प्रयोगशाळेआधी माहीत होते. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच संकरित अमेरिकन कपाशीने रान व्यापले. त्या जोडीला सोयाबीन आले. ज्वारी मागे पडली, तिच्याबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर जनावरे आणि जनावरांबरोबर शेणखत.

यावरून जुन्याकडे परत जावे असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो मात्र पुराव्याला धरून नाही. तेलंगणातच, संगारेड्डी जिल्ह्यातल्या पटनचेरू येथे, आंतरराष्ट्रीय संस्था इक्रिसॅटने १९७६ पासून काळ्या जमिनीवर दोन पद्धती शेजारी-शेजारी चालवल्या. एकीकडे पावसाळ्यात रान पडीक ठेवून रब्बीत ज्वारी किंवा हरभरा घेण्याची पारंपरिक रीत होती. दुसरीकडे रुंद वरंबा-सरी, पावसाळ्यातच तुरीसह आंतरपीक, शेंगवर्गीय पिकांची फेरपालट आणि संतुलित खते होती. पारंपरिक बाजूला हेक्टरी सरासरी धान्य १.१ टन मिळाले, सुधारित बाजूला ५.१ टन. पारंपरिक शेतातून वर्षाला हेक्टरी सहा टनांहून अधिक माती गेली, सुधारित शेतातून दीड टनाच्या आसपास. आणि सुधारित शेताच्या मातीत दर वर्षी हेक्टरी तीनशे किलोंच्या वर जादा कर्ब साठत गेला.

या प्रयोगातून निघणारा निर्णय दोन्ही टोकांच्या मतांना अडचणीचा आहे. जुनी पडीक पद्धत निसर्गाशी जुळलेली वाटते, तरी ऐन पावसात रान उघडे टाकल्यामुळे ती जास्त माती घालवत होती. आणि सुधारित शेतात रासायनिक खत होते, तरीही तिथला कर्ब वाढला, कारण पीक जोमदार आले, मुळे भरघोस झाली, पालापाचोळा मातीत गेला आणि जमीन झाकलेली राहिली. दोष खताच्या गोणीत नाही. परतफेड न करता केवळ गोणीवर शेती चालवण्यात आहे. त्याचप्रमाणे रासायनिक खत बंद केले आणि शेणखत, पाचट, शेंगवर्गीय पीक यांतले काहीच घातले नाही, तर त्याला सेंद्रिय शेती म्हणण्यापेक्षा उपाशी शेती म्हणणे योग्य ठरेल.

माती राखण्याची कामे

पहिले काम पाणी हळू चालवण्याचे. हलक्या, मुरणाऱ्या जमिनीला समपातळीतले बांध मानवतात. भारी काळ्या जमिनीत त्यांच्यामागे पाणी तुंबते, पीक पिवळे पडते आणि बांध फुटतात. म्हणून इथे किंचित ढाळ दिलेले बांध, गवत लावलेले निचऱ्याचे मार्ग आणि उताराला आडवी पेरणी लागते. रुंद वरंबा-सरीत जोराच्या पावसात जादा पाणी सरीतून सावकाश निघून जाते आणि खंडात वरंब्यातली ओल पिकाला पुरते. सोयाबीनसाठी ही पद्धत मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या ओळखीची झाली आहे. धुऱ्यावर गिरिपुष्प लावले तर बांधही टिकतो आणि हिरवा पालाही मिळतो.

दुसरे काम काडीकचरा मातीला परत देण्याचे. या बाबतीत काळ्या जमिनीचा स्वतःचा इतिहास आहे. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संस्थेत, कापसाच्याच काळ्या जमिनीवर, कंपोस्टाची पद्धत बसवली. ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचे सहलेखक यशवंत वाड होते. पऱ्हाटी टणक असते, लवकर कुजत नाही, ही अडचण त्यांनाही आली. त्यांनी पऱ्हाट्या शेतातल्या रस्त्यावर अंथरल्या. गाड्यांच्या चाकांनी आणि बैलांच्या खुरांनी त्यांचा भुगा झाला, आणि मग तो शेणाबरोबर कुजवला. आज ट्रॅक्टरवर चालणारी कुट्टी यंत्रे आहेत. शंभर वर्षांपूर्वी चाकाखाली सुटलेला प्रश्न आज काडीपेटीने सोडवला जावा, हे समर्थन करण्याजोगे नाही. बोंडअळीच्या बंदोबस्तासाठी पऱ्हाटी वेळेवर काढलीच पाहिजे; बारीक करून नीट कुजवल्यास कीडही मरते आणि कर्बही राहतो.

तिसरे काम मशागत कमी करण्याचे. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी नांगरणीविना शेतीचा आणि नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा तंत्राचा पुरस्कार केला. मागच्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू द्यायची आणि कायमच्या गादीवाफ्यावर पुढचे पीक टोकायचे, हे त्याचे सूत्र. मुळे कुजून राहिलेल्या पोकळ्यांतून पाणी आणि हवा खाली जाते. त्यात तणनाशकाचा वापर वाढतो हा आक्षेप खरा आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करू नये. तरी नांगर न लावताही काळ्या जमिनीत पीक येते, हे या प्रयोगांनी दाखवले आहे.

चौथे काम तपासून खत देण्याचे. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या मृदा आरोग्यपत्रिका योजनेने देशभर पत्रिका वाटल्या. पत्रिका आकडा सांगते. त्या आकड्यावरून कोणत्या पिकाला किती गोणी, हे सांगणारा माणूसही गावात हवा, आणि तो मुधोळच्या मराठी घरांत मराठीत बोलणारा हवा.

तलावातला गाळ शेतात टाकण्याबद्दल एक सावधगिरी आवश्यक आहे. तेलंगणाने २०१५ मध्ये मिशन काकतीय आणि महाराष्ट्राने २०१७ मध्ये गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजना हाती घेतल्या. तांबड्या, मुरमाड, बरड जमिनीला गाळ वरदान ठरतो, कारण तिथे चिकणमातीचीच उणीव असते. आधीच भारी असलेल्या काळ्या रानात गाळ पसरला तर निचरा आणखी बिघडतो. शिवाय गाळ परत आणणे हा उशिराचा उपाय आहे. ज्या शेतातून माती गेली तिथेच ती रोखणे केव्हाही स्वस्त पडते.

मोबदल्याचा प्रश्न

हे उपाय शेतकऱ्यांना ठाऊक नाहीत असे मानणे चूक होईल. बेवड, पाळी, वाफसा, कस हे शब्द ज्यांनी घडवले त्यांना माती समजते. अडचण काळाच्या मापात आहे. हेक्टरभर जमिनीच्या वरच्या वीतभर थराचे वजन सुमारे दोन हजार टन भरते. त्यात कर्बाचे प्रमाण ०.५ वरून ०.६ टक्क्यावर नेण्यासाठी दोन टन कर्ब स्थिरावा लागतो. इक्रिसॅटच्या प्रयोगातला वेग धरला तरी त्याला सहा वर्षे लागतात. आता ही जमीन बटईने किंवा वर्षाच्या ठोक्याने करणाऱ्याचा विचार करावा. पुढच्या पाडव्याला रान दुसऱ्याकडे जाणार असेल तर त्याने ट्रॉलीभर शेणखत कोणासाठी टाकायचे? त्याच्या दृष्टीने युरिया हेच एकमेव शहाणे खत ठरते, कारण ते याच हंगामात फेडते.

सरकारी मदतीची रचनाही मातीकडे पाहत नाही. तेलंगणात मे २०१८ पासून रयतू बंधू योजनेत एकरी, प्रत्येक हंगामाला रोख मदत सुरू झाली. २०२५ पासून रयतू भरोसा या नावाने ती वर्षाला एकरी १२,००० रुपये आहे. लहान शेतकऱ्याला तिचा आधार झाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु रयतू बंधूतली रक्कम पट्टेदाराला मिळाली, कसणाऱ्या कुळाला नाही; आणि बांध घालणारा व पऱ्हाटी जाळणारा दोघांनाही ती सारखीच मिळाली. युरियावरचे अनुदान नत्र जास्त घालणाऱ्याला जास्त मिळते. कापूस आणि सोयाबीनची खरेदी क्विंटलवर होते. ज्वारी आणि करडईने राखलेल्या जमिनीचा भाव कुठे लागत नाही. सारी व्यवस्था मातीतून जे निघते त्याचे पैसे देते आणि मातीत जे राहते त्याचे काहीच देत नाही. अशा व्यवस्थेत झीज हा अपघात राहत नाही, तो अपेक्षित निकाल असतो.

म्हणून धोरणातले बदल याच ठिकाणी व्हायला हवेत. बटईचे करार किमान पाच वर्षांचे व्हावेत आणि कुळाला मदतीत वाटा मिळावा. एकरी मदतीचा एक भाग ढाळाचे बांध, पऱ्हाटीची कुट्टी, आंतरपिकात तूर अशा डोळ्यांनी तपासता येणाऱ्या कामांशी जोडावा. पाणलोट क्षेत्राची कामे नाल्याच्या उगमापासून आखावीत. नाला राज्याची सीमा ओलांडत असेल तर नांदेड आणि निर्मल जिल्ह्यांनी ती एकत्र आखावीत. प्रत्येक गावच्या ठरावीक शेतांत दर तीन वर्षांनी कर्ब मोजून तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. पावसाचे आकडे असे लिहिले जातात तेव्हा गाव त्यांवर बोलते. मातीचे आकडेही दिसू लागले की त्यांच्यावर बोलणे सुरू होईल.

खर्चाचा आक्षेप या सूचनांवर येईल. पण खर्च आजही होतो आहे. तो खताच्या अनुदानात, पीकविम्यात, कर्जमाफीत आणि धरणांच्या घटलेल्या साठ्यात वाटला गेल्यामुळे एका जागी दिसत नाही. जमीन धरणाऱ्या हातांना तोच पैसा दिला तर या साऱ्या बाजूंनी थोडी थोडी बचत होते.

गावाची पांढरी उठली तर दुसरीकडे वसवता येते. श्रीरामसागरच्या पाण्याखाली गेलेल्या गावांनी ते करून दाखवले. काळी मात्र एकदा वाहून गेली की दुसरीकडे वसत नाही. मुधोळच्या शिवारात ती अजून खोल आहे, म्हणून हिशेब मांडायला अजून वेळ आहे. तो येत्या मृगाच्या आधी, उताराला आडव्या पहिल्या तासापासून मांडायला घ्यावा.